मागची धूळ

१

पुरोस गाव सोडून वर निघालं की माणसाला आरशात बघायची सवय लागते. समोर बघण्यासारखं काही नसतंच. खडी, खडीपलीकडे आणखी खडी, आणि क्वचित एखादा लांब शिंगांचा गेम्सबॉक हरीण शहाण्यासारखा उभा. बघायचं ते मागे. मागच्या गाडीची धूळ दिसतेय तोवर सगळं ठीक. ती दिसेनाशी झाली की थांबायचं, इंजिन बंद करायचं आणि वाट बघायची. तरीही दिसली नाही, तर पाणी घेऊन उलट फिरायचं. पुढच्याने मागच्याला सांभाळायचं, एवढा एकच कायदा आमच्या वाटेवर आहे, आणि तो मोडणारा माणूस मी तरी पाहिलेला नव्हता. बाबा मक्याच्या पिठाचा ट्रक चालवायचे तेव्हा हेच होतं. एलिफासच्या हातात मी पहिल्यांदा स्टिअरिंग दिलं, तेव्हा गिअर नंतर शिकवले, हे आधी.

एलिफास माझा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, म्हणून त्याला पाठीला बांधून मीच वाढवलं. मोठा झाल्यावर तो माझ्यापेक्षा वीतभर उंच झाला आणि मलाच चार गोष्टी सुनावू लागला, पण माझ्या लेखी तो कायम तेच शेंबडं पोर. आम्ही दोघं पाहुण्यांना घेऊन मारिएनफ्लुसच्या खोऱ्यापर्यंत जायचो, वाटेत तंबू ठोकत. पुढे माझी गाडी, मध्ये पाहुण्यांची त्यांची स्वतःची, आणि शेवटी एलिफास. पाण्याच्या टाक्या, डिझेलचे डबे, तंबू, भांडीकुंडी सगळं त्याच्याकडे.

त्या खेपेला पाहुणे म्हणजे विंडहुक शहरातलं म्हातारं जर्मन जोडपं, हार्टमुटकाका आणि उटेकाकू. काका निवृत्त हेडमास्तर. शाळा सुटली तरी छडी सुटली नव्हती, आमच्या इंजिनांनाही ते शिस्त लावायला बघत. काकू मात्र लोण्यासारख्या. दोघांचा जन्म याच देशातला, त्यामुळे वाळू बघून हुरळणारे नव्हते की घाबरणारेही नव्हते.

"ताई," सकाळी गाड्यांमधल्या बोलायच्या रेडिओवर एलिफासचा आवाज आला, "आज नाश्त्याला काय दिलंस गं?"

"तळलेले पाव दिले की. चार खाल्लेस."

"ते कधीच जिरले. आता मघापासून तुमच्या दोघांची धूळ खातोय. एकदा तरी मला पुढे सोड."

"पुढे यायला अक्कल लागते."

"आणि मागे राहायला?"

"मागे राहायला भाऊ लागतो," मी म्हटलं. तो हसला. त्याचं हसणं रेडिओवर खरखरत यायचं.

"रेडिओ कामाच्या बोलण्यासाठी असतो," मधूनच काकांचा आवाज.

"मग कामाचं सांगतो, काका," एलिफास म्हणाला. "माझ्या मागे कोणीतरी आहे."

मी आरशात बघितलं. मला माझी धूळ दिसत नाही, मागच्या दोन दिसतात. काकांची जवळ, एलिफासची त्यापलीकडे. त्या दिवशी पार मागे, जमीन संपते तिथे, तिसरी होती.

२

यात नवल वाटावं असं काही नव्हतं. दुकानदार असेल, मिशनवाले असतील, नाहीतर दुसरे पाहुणे. पण मागे कोणी आहे असं कळल्यावर त्याला तसंच टाकून पुढे पळायचं, असं आमच्यात होत नाही. त्याला निदान नजरेच्या टप्प्यात येऊ द्यायचं, हात करायचा, काही हवंय का विचारायचं. म्हणून जेवायला एका एकट्या झाडाखाली थांबलो तेव्हा आम्ही जरा जास्तच रेंगाळलो. काकूंनी ब्रेड आणि सॉसेज कापलं, एलिफासने किटली ठेवली.

ती धूळ काही पुढे येईना.

"थांबलेत वाटतं जेवायला," मी म्हटलं.

"थांबलेत तर धूळ कशी दिसतेय?" एलिफास म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. मग पुन्हा तिकडे. पोराचं म्हणणं बरोबर होतं. धूळ उडते ती चाकं फिरतात म्हणून, चाकं थांबली की ती खाली बसते. ही जागच्या जागी उभी होती, पण बसत नव्हती.

"वावटळ असेल," काकू म्हणाल्या.

किटलीतली वाफ सरळ वर जात होती. झाडाचं पान हलत नव्हतं. काकूंनीही ते बघितलं आणि पुन्हा सॉसेज कापू लागल्या.

काकांनी दुर्बीण लावली, बराच वेळ बघितलं आणि मग वर्गात देत असतील तसं व्याख्यान दिलं. तापलेल्या जमिनीवर हवेचे थर असतात, त्यात लांबचं जवळ दिसतं, जवळचं लांब दिसतं, गेलेलंही रेंगाळल्यासारखं वाटतं. मला ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं म्हणून पटलं म्हणा हवं तर. तिथल्या मैदानावर मी स्वतः कित्येकदा तळी पाहिली आहेत आणि बोटी पाहिल्या आहेत, जिथे समुद्राचा थेंब नाही.

"मी जाऊन बघून येऊ का?" एलिफासने विचारलं. "पंक्चर वगैरे झालं असेल."

"पंक्चर झालेली गाडी धूळ उडवत नाही, आत्ता तूच म्हणालास ना? येतील त्यांचे ते. आवर."

आम्ही निघालो. आरशात काकांची धूळ उठली, मग एलिफासची, आणि दोघांच्या मागे तीही हलली. आम्ही निघायची वाट बघत होती, असं माझ्या मनात आलं. मी उगाच रेडिओ उचलला आणि काकांना पुढच्या वाळूसाठी टायरमधली हवा कमी करायची आठवण केली.

३

संध्याकाळी कोरड्या नदीच्या काठावर मुक्काम केला. पात्रात नाही, पात्र ही हत्तींची वाट असते. एलिफासने तंबू उभे केले, मी निखाऱ्यावर बकऱ्याचं मटण घातलं आणि मक्याची घट्ट लापशी घोटत बसले. सूर्य डोंगराला टेकला होता. उजेड असा पिवळा पडला होता की सगळ्यांचे चेहरे ओळखीचे आणि तरीही जरा वेगळे वाटत होते.

आलो त्या बाजूला ती उभी होती. दुपारपेक्षा जवळ. उन्हाने वरचा भाग लालसर झाला होता, खालचा करडा. गाडीचा आवाज नाही. दिवा नाही. आमच्या त्या प्रदेशात इंजिनाचा आवाज दोन डोंगर ओलांडून येतो, मी आवाजावरून गाडीचं वय सांगू शकते. तिकडून काहीच येत नव्हतं. मी लापशी घोटायची थांबले की शांतता एकदम अंगावर यायची, म्हणून मी गरजेपेक्षा जास्त वेळ घोटत राहिले.

"दगड झाली असेल लापशी एव्हाना," काकू हसून म्हणाल्या.

जेवताना एलिफासने आपली खुर्ची उलटी करून घेतली होती. आमच्याकडे पाठ, तोंड वाटेकडे.

"काय रे, आमचं तोंड बघवत नाही का?"

"तसं नाही गं ताई. कोणीतरी तिकडे उपाशी आहे आणि आपण इथे हाडं चोखतोय. लाज वाटते."

"उपाशी आहे हे तुला कोणी सांगितलं?"

जेवण झाल्यावर त्याने पातेल्यात दोघांपुरतं राखून ठेवलं आणि झाकण ठेवून ते विस्तवाशेजारी सरकवलं. यात काही विशेष नाही, बाबाही ठेवायचे, मीही ठेवते. मागून येणाऱ्याला धूर दिसतो, तो येतो, जेवतो, सकाळी ओळख होते. त्या दिवशी मात्र ते पातेलं उचलून लांब फेकावं असं मला वाटलं. मी फेकलं नाही. अन्न फेकायचं नसतं.

सकाळी पातेलं जसंच्या तसं होतं, झाकणही हललेलं नव्हतं. मला हायसं वाटलं. मी पाणी उकळायला ठेवत होते, तेवढ्यात काकू तंबूतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "खुर्च्या कोणी फिरवल्या?"

चारही खुर्च्या वाटेकडे तोंड करून होत्या. नीट, ओळीने, नाटक बघायला मांडाव्यात तशा.

"एलिफास?"

"मी फक्त माझी फिरवली होती," तो म्हणाला.

काका म्हणाले, झोपण्याआधी आपणच फिरवल्या असाव्यात, दव पडू नये म्हणून. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, हो, तसंच असेल. आणि चहात दोन चमचे जास्त साखर घातली.

४

पहाटेचं धुकं समुद्रावरून आत आलं होतं. आमच्याकडे पाऊस नसतो, हे धुकंच काय ते पाणी. खडी ओली होते, पायाला चिकटते, आणि ऊन वर येईपर्यंत गाडीमागे धूळ म्हणून उडत नाही. मी मनात म्हटलं, चला, बरं झालं, आता काय दिसायचं आहे?

धुकं फाटलं तेव्हा ती समोर होती. नदीच्या पलीकडच्या उतारावर. ओल्या जमिनीवर कोरडी धूळ.

एलिफासने पाण्याचे दोन डबे आधीच सीटवर ठेवले होते.

"मी जाऊन येतो."

"नको."

"ताई, कालपासून आपल्या मागे आहेत. पुढे येत नाहीत, म्हणजे येता येत नसेल. त्यांच्याकडे पाणी नसेल तर?"

"त्यांच्याकडे काय आहे नि काय नाही, ते मला जाणून घ्यायचंच नाही."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी कोणी परकी बाई आहे. "हे तू बोलतेस?" तो म्हणाला. "तू?"

मी काय सांगणार होते? खुर्च्या फिरल्या म्हणून तहानेल्या माणसाला पाणी देऊ नको? मला भीती वाटत होती हे खरं, पण भीतीला कारण सांगता येईना. आणि कारण नसताना या वाटेवर मागच्याला टाकून जायचं नसतं. मी त्याच्या जागी असते तर मीही गेले असते. काकांनाही त्यात वावगं वाटलं नाही, "जाऊ दे त्याला, माणुसकीची गोष्ट आहे," असंच ते म्हणाले.

"गाडी दिसली की तिथूनच फिर," मी सांगितलं. "उतरू नकोस. आणि सगळा वेळ रेडिओवर बोलत राहा, एक शब्द थांबलास तर मी मागे येईन."

"बडबड करायला मला सांगावं लागतं का?" तो म्हणाला आणि डोळा मिचकावून गाडीत बसला.

त्याची गाडी नदी ओलांडून गेली. तिच्या मागे धूळ उठली नाही, ओलच होती. त्यामुळे मला ती नीट दिसत होती, छपरावरच्या शिडीसकट. तो बोलत होता. खड्डा आला, खडक आला, एक शहामृग दिसला, त्याचा चेहरा काकांसारखा आहे. काकूंना हसू आलं. मग तो त्या धुळीपाशी पोहोचला आणि गाडी दिसेनाशी झाली.

"आत आलो," तो म्हणाला. "काही दिसत नाहीये. काच बंद करतो. थांब... हां. आहे कोणीतरी. ए, नमस्कार! कुठले तुम्ही?" खरखर. "अरे! ताई, हे तर आपलेच आहेत."

"आपले म्हणजे कोण?"

"आपलेच गं."

"एलिफास, नाव सांग. कोण आहे?"

रेडिओ गप्प झाला. मी गाडीकडे धावले, किल्ली फिरवली, आणि तेवढ्यात त्याचा आवाज आला. अगदी नेहमीचा, हसरा.

"ताई, सगळं ठीक आहे. तुम्ही निघा पुढे. आम्ही आहोत मागे."

५

मी निघाले नाही. मी म्हटलं, आधी तू इथे ये, मला तुझं तोंड दाखव, मग निघू. तो म्हणाला, येतो ना, तुम्ही चला तर. मी थांबून राहिले. धूळही थांबून राहिली. ऊन वर आलं, काका घड्याळ बघू लागले.

मग मी गाडी वळवली आणि नदी ओलांडून सरळ तिच्या दिशेने निघाले.

"मागे येऊ नकोस, ताई," एलिफास म्हणाला. आवाजात काळजी होती, माझीच. "पुढचा मागे फिरला तर बाकीच्यांनी कुठे जायचं?"

मी जितकी पुढे गेले तितकीच ती मागे सरली. वेग वाढवला, तिनेही वाढवला. जमिनीवर एलिफासच्या टायरचे जातानाचे ठसे ओल्या वाळूत स्वच्छ उमटले होते. काही अंतरावर ते संपले. फिरले नाहीत, पुसले गेले नाहीत, नुसते संपले. त्यापुढे गुळगुळीत खडी. मी इंधनाच्या काट्याकडे बघितलं. डिझेलचे डबे त्याच्या गाडीत होते. आणखी असं पाठलाग करत राहिले असते, तर आम्ही तिघंही तिथेच राहिलो असतो. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले आणि मग परत फिरले.

काका गाडीच्या टपावर उभे राहून दुर्बिणीतून बघत होते. मी जवळ पोहोचले तेव्हा ते खाली उतरले, दुर्बीण पुसली, तिच्या पेटीत ठेवली आणि पेटीचं बटण लावलं.

"काय दिसलं?" काकूंनी विचारलं.

"उटे, गाडीत बस."

"अहो, पण..."

"बस म्हटलं ना!"

मग ते माझ्या खिडकीशी आले. हेडमास्तरांचा तो करडा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "रोझिना," ते म्हणाले, "ती धूळ फार रुंद आहे. एका गाडीची नाही."

"दोन गाड्या आहेत ना तिथे."

"दोन गाड्यांचीही नाही."

आम्ही पुढे निघालो, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. पुढे वस्ती होती, वस्तीत माणसं होती, त्यांच्याकडे गाड्या होत्या. मदत घेऊन परत यायचं, असं मी स्वतःला बजावत होते. एलिफास दिवसभर बोलत होता. खड्डा सांभाळ. उजवीकडून जा, वाळू मऊ आहे. ताई, भूक लागली गं. मध्येच तो कोणाशी तरी बोले, अदबीने, आपण म्हाताऱ्यांशी बोलतो तसं, आणि मग उत्तर ऐकत असल्यासारखा थांबे. उत्तर मला ऐकू आलं नाही. त्याच्या त्या थांबण्याला मी जितकी घाबरले तितकी आयुष्यात कशाला घाबरले नाही.

"ताई," एकदा तो म्हणाला, "यांच्याही मागे कोणीतरी आहे म्हणतात."

६

मैदान संपता संपता गुरांचं कुंपण लागतं. लोखंडी पाइपांचं एक फाटक आहे, त्याला साखळी. तिथली रीत सोपी आहे. पहिल्याने उतरून उघडायचं, शेवटच्याने लावायचं. मधल्यांनी हात लावायचा नाही. म्हणजे फाटक लागल्याचा आवाज आला की सगळे आले असं समजायचं.

मी फाटक उघडून पलीकडे गेले, माझ्यामागून काका गेले. मी गाडीतून उतरले. आयुष्यभर मी ते फाटक एलिफाससाठी उघडं सोडून पुढे गेले होते. त्या दिवशी मी ते ओढलं आणि साखळी अडकवली.

"हे काय करतेस?" काकू ओरडल्या. "तुझा भाऊ आहे तिकडे!"

"म्हणूनच," मी म्हटलं. "फाटक बंद असलं की त्याला उतरावं लागेल. उतरला की मला त्याचं तोंड दिसेल. एकट्याचं."

रेडिओ खरखरला. "ताई, फाटक उघडं ठेवलंयस ना?"

"हो," मी म्हटलं. "उघडंच आहे. ये तू."

त्याच्याशी मी तोवर खोटं बोलले नव्हते.

ती आली. पहिल्यांदाच ती जवळ आली, आणि जवळ आल्यावरही तिला आवाज नव्हता. कुंपणाच्या तारेपाशी येऊन ती थांबली, अलीकडे एक कण आला नाही. माझ्या बुटांसमोर स्वच्छ वाळू होती आणि हातभर अंतरावर करडी भिंत. आतून पावलं ऐकू आली. गाडी नाही, पावलं. पुष्कळ. कसलीही घाई नसलेली.

मग त्या धुळीतून माझा भाऊ आला, माझ्याकडे पाठ करून.

तो मागे मागे पाऊल टाकत चालत होता. एक हात पाठीमागे करून अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तसा हवेत चाचपडत होता. हाताला पाइप लागला, मग साखळी लागली. बोटं साखळीवरून फिरली.

"ताई," तो म्हणाला, "हे तर बंद आहे." चिडून नाही. खेळात हरल्यासारखा.

"माझ्याकडे बघ. वळ. वळलास की उघडते."

"आत्ता कसा वळू? मागच्यांवर नजर नको का ठेवायला? एक जण यायचा राहिलाय."

"कितीजण आहेत रे?"

"ते नाही माहीत. ज्याला विचारावं तो म्हणतो, माझ्या मागे अजून एक आहे."

धूळ क्षणभर विरळ झाली, आणि मला त्याच्या पलीकडचं दिसलं. पाठी. एकीमागे एक, पार दिसेनाशा होईपर्यंत. कोणाच्या डोक्यावर ट्रकवाल्यांची टोपी, कोणाचा लष्करी कोट, एक लांब घागऱ्याची बाई, तिच्या पाठीला पोर बांधलेलं. सगळ्यांची तोंडं पलीकडे. ते पोरसुद्धा मान उंचावून आईच्या खांद्यावरून पलीकडे बघत होतं. सगळे थांबले होते, शांतपणे, कोणाची तरी वाट बघत.

मी फाटकाच्या पाइपांमधून हात घातला आणि एलिफासचं मनगट धरलं. ते गरम होतं. माझ्या भावाचंच मनगट होतं ते, लहानपणी भाजल्याचा डाग असलेलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, मी दुसऱ्या हाताने साखळी सोडवायला लागले.

"ये. तू एकटा ये. फटीपुरतं उघडते, तेवढ्यातून ये."

"एकटा कसा येऊ?" त्याने खरोखर आश्चर्याने विचारलं. "तूच शिकवलंस ना गं? मागच्याला सोडून नाही यायचं."

"मी चुकीचं शिकवलं. ऐक माझं. सोड त्यांना!"

मी जोर लावून ओढलं. तो जरासा सरकला, आणि मग दोर ताणला की गाडी अडकते तसा अडकला.

"ओढू नकोस, ताई," तो हळूच म्हणाला. "माझा दुसरा हात कोणीतरी धरलाय."

तेव्हा मला ते जाणवलं. तिकडून कोणी ओढत नव्हतं. नुसतं वजन होतं. त्याच्या मनगटातून माझ्या खांद्यात उतरलेलं, त्या सगळ्या रांगेचं, एकाने दुसऱ्याचा आणि दुसऱ्याने तिसऱ्याचा हात धरलेला. माझे पाय वाळूतून फाटकाकडे सरकले. मागून काकांनी मला कमरेला धरलं, काकूंनी काकांना धरलं, आणि एका क्षणी माझ्या लक्षात आलं की आमचीही रांग झाली आहे.

मी हात सोडला.

७

काकांना मी पुढे घातलं. त्यांना वाट माहीत नव्हती, पण वस्तीपर्यंत वाट एकच होती. शेवटी माझी गाडी. साखळी मी पुन्हा अडकवली होती की नाही, ते मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. काका म्हणतात अडकवली होती. काकू काहीच म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी वस्तीतली माणसं गाड्या घेऊन गेली. फाटकापर्यंत गेली, पलीकडे गेली, नदीपर्यंत गेली. एलिफासची गाडी मिळाली नाही, पाण्याचा एक डबाही मिळाला नाही. ते लोक जाताना पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होते म्हणे. कोणी आहे का मागे, म्हणून. मी त्यांच्या पाया पडले की असं करू नका.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी फाटकापासून निघाले तेव्हा रेडिओ चालू होता. बंद करायला हात गेला आणि परत आला. बंद केला असता तर त्याचा आवाज गेला असता, आणि त्याचं तेवढंच माझ्याकडे उरलं होतं. तो बोलत होता. आधी काकूंची चौकशी केली. मग म्हणाला, पाठ दुखतेय गं. मग बराच वेळ नुसती खरखर, आणि मला वाटलं आता टप्प्याबाहेर गेला.

"ताई," तो म्हणाला. "सगळे वळलेत बरं का आता. आम्हाला तुझी धूळ दिसतेय."

मी आरशात बघितलं नाही.

"पण जरा हळू चालव ना. तू दिसेनाशी झालीस तर आम्हाला वाट कळायची नाही."

तो एलिफासच होता. दुसरं कोणी असतं तर मला इतकं जड गेलं नसतं. मी रेडिओला हात लावून म्हटलं, "हो रे बाळा, हळूच चालवते," आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण खाली दाबला.